चौथ्या खणाची धूळ

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या आमच्या गणपतीत दरवर्षी एखाद्या नव्या काकू भेटतात आणि विचारतात, "तुम्ही काय करता हो?" मी सांगते, "खेड्यांतली जुनी दगडी चर्चं तपासते." मग काकू आवाज खाली आणतात. "म्हणजे तुम्ही... कन्व्हर्ट झालात?" मी म्हणते, "नाही काकू, सिव्हिल झाले." काकूंचा जीव भांड्यात पडतो.

पुरुषांचा प्रश्न वेगळा. "पण यात फ्यूचर काय?" असं मला तीन वर्षांत दोनदा ले-ऑफ झालेल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं. मी ज्या भिंती बघते त्या त्यांच्या पणजोबांच्या आधी उभ्या राहिलेल्या आहेत. पण सणासुदीला भांडण नको म्हणून मी आमटी घ्यायला गेले.

आमची फर्म म्हणजे तीन माणसं, एक शिडी आणि एक पिकअप. ह्यूस्टन मागे टाकून पश्चिमेला निघालं की तासा-दीड तासानं मॉल संपतात आणि कुरणं सुरू होतात. चेक आणि जर्मन शेतकरी बोटीतून इथं उतरले, तेव्हा आपापल्या गावातलं चर्च डोक्यात घेऊन आले. हातात पैसा नव्हता, दगड होता. दोन-अडीच हात जाड भिंत, लहान खिडक्या, खिडकीवर अर्धगोल कमान, बुटका मनोरा. या शैलीला रोमनेस्क म्हणतात. उंच टोकदार कमानींची चर्चं पोस्टकार्डावर असतात ती वेगळी. ही बैठी, जाडजूड, खांदे पाडून उभी असलेली. आणि जिथं दोन रस्ते फुटतात तिथं एखादा दगडी क्रूस. कुणाचं मूल तापातून उठलं, कुणाचं पीक टोळधाडीतून वाचलं, म्हणून उभारलेला. हायवेच्या कडेला अपघाताच्या जागी लावतात ते लाकडी क्रूस मी तपासत नाही. त्यांची काळजी घेणारे लोक जिवंत असतात.

या चर्चांना आता टूरिस्ट येतात. बसमधून उतरतात, माना वर करून छत बघतात, "सो पीसफुल!" म्हणतात आणि बार्बेक्यू खायला जातात. ड्रोन घेऊन आलेला एक उत्साही तरुण मला म्हणाला, "तुम्हाला टॉप व्ह्यू देऊ का?" मी म्हटलं, मला बॉटम व्ह्यू दे. त्याला कळलं नाही. भिंत जमिनीला जिथं टेकते तिथं सगळा आजार असतो. आठ वर्षांत मी एकाही टूरिस्टला तिथं बघताना पाहिलेलं नाही.

धंद्यातली एकच गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजेल. दोन दगडांमधला सांधा हा दगडापेक्षा मऊ असावा लागतो. जुन्या लोकांनी तो चुन्यानं भरला. दगडात पाणी शिरतं, ते शिरणारच. ते चुन्याच्या वाटेनं बाहेर पडतं आणि जाता जाता चुना थोडा झिजवतं. दहा-वीस वर्षांनी सांधा भुसभुशीत होतो, तो खरवडून नवा चुना भरायचा. झिजायचं काम चुन्याचं, टिकायचं काम दगडाचं. हे आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या गवंड्याला ठाऊक होतं. मग सिमेंट आलं. सिमेंट कडक, त्यातून पाणी जात नाही. सांधा शाबूत राहतो आणि पाणी दगडालाच फोडून बाहेर येतं. दगडाचे पापुद्रे सुटतात, खारी बिस्किटासारखे. लोकांना वाटतं दगड जुना झाला. मग ते आणखी सिमेंट थापतात. तरीही फुगलं तर वरून वॉटरप्रूफ रंग. मी अशी चर्चं पाहिली आहेत की ज्यांचा जीव पावसानं घेतला नाही, वाऱ्यानं घेतला नाही, दुरुस्ती समितीनं घेतला.

भक्ताइतका धोकादायक माणूस इमारतीला दुसरा नाही. नास्तिक निदान हात लावत नाही.

एका रँचच्या मालकानं मला क्रूस बघायला बोलावलं होतं. नुकतीच जमीन घेतली होती. क्रूस शेवाळानं काळा पडला होता म्हणून त्यानं गाडी धुवायचं प्रेशर वॉशर आणून तो धुतला. "बघा, लाइक न्यू!" खरोखरच नवा दिसत होता, कारण त्यावर कोरलेली सगळी अक्षरं पाण्याच्या माऱ्यानं निघून गेली होती. मऊ दगड होता.

"यावर काय लिहिलं होतं?" त्यानं विचारलं.

"धुण्याआधी फोटो काढला होतात?"

"नाही. मग आता सीलर मारू का? प्रोटेक्शनसाठी?"

"कशाच्या प्रोटेक्शनसाठी?" मी म्हटलं आणि पिकअपमध्ये बसले. रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली: मजकूर नष्ट, कारण स्वच्छता.

असं मी लोकांचं बरंच हसं केलेलं आहे. आता माझं सांगते.

ते चर्च कुठल्या गावात आहे ते मुद्दाम सांगत नाही. गावात चाळीस घरं आहेत आणि सगळी एकमेकांची नातेवाईक. तिथल्या फादरांचा फोन आला. इंग्रजीत सुरुवात झाली, माझं आडनाव ऐकून ते थांबले आणि म्हणाले, "ताई, मराठी ना तुम्ही? मी वसईचा." टेक्सासच्या खेड्यांत आता स्थानिक पाद्री मिळत नाहीत, आपल्याकडचे येतात. पण वसईकडचं मराठी बोलणारा पाद्री चेक शेतकऱ्यांना प्रवचन देतो, हे मलाही नवीन होतं. फादर सायमन. चाळिशीचे, हडकुळे, पायात काउबॉय बूट. बूट गावानं भेट दिलेले, एक नंबर मोठे.

"भिंतीला तडा गेलाय," ते म्हणाले. "बिशपच्या ऑफिसनं सांगितलंय, इंजिनिअरचं पत्र आणा, नाहीतर कुलूप लावू. आणि तडा जाण्याआधीपासून इथं एक वेगळंच भांडण आहे. तुम्ही या तर."

ऑगस्टमधला दिवस होता. त्याच दिवशी आणखी दोन तपासण्या लावलेल्या. गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरत होती. चर्चच्या अर्धा मैल अलीकडे रस्ता फुटतो, तिथं ओकच्या सावलीत एक दगडी क्रूस दिसला. मी तिथं डबा खाल्ला. खाताना सहज सांध्यांवर नजर गेली आणि घास हातातच राहिला. चुना. नवा, मऊ, दगडाच्या कडेपासून किंचित आत दाबलेला, जसा हवा तसा. मी डायरीत लिहिलं: "इथं कुणाला तरी काम येतं." फोटोही काढले. मग पोळीचे तुकडे झटकून चर्चकडे गेले.

चर्चला आठ खण. डावीकडे चार, उजवीकडे चार. दोन जाड खांबांच्या मधला भाग म्हणजे एक खण, मध्ये एक खिडकी. गाव वसवलं ते आठ कुटुंबांनी, म्हणून आठ खण. ज्या कुटुंबाचा खण त्यानं तो आतून-बाहेरून राखायचा आणि रविवारी त्याच खणापुढच्या बाकावर बसायचं. वही आहे, पहिली पानं चेक भाषेत, पुढची इंग्रजीत. घराणं संपलं किंवा खण राखता आला नाही, तर समिती मत घेऊन तो दुसऱ्याला देते. खण गेला की बाकही गेला. मग शेवटच्या रांगेत, पाहुण्यांबरोबर.

व्यवस्था मला आवडली. परिणाम बघितल्यावर आवडणं संपलं. सात कुटुंबांनी सात तऱ्हा केल्या होत्या. कुणी सिमेंटचा गिलावा, कुणी वॉटरप्रूफ रंग, कुणी एपॉक्सी. एकानं तर खोट्या दगडाच्या टाइल्स लावल्या होत्या, खऱ्या दगडावर. प्रत्येक ठिकाणी पितळी पाटी: अमुकच्या स्मरणार्थ. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर नावं असतात तसंच, फक्त इथं पाय पडत नाही.

समितीचे अध्यक्ष लिओनार्ड. ट्रॅक्टर विकतात. अवाढव्य माणूस, अदबशीर, चर्चमध्ये टोपी पोटाशी धरून उभा. तिसरा खण त्यांचा. तडा तिसऱ्या आणि चौथ्या खणाच्या मधून, कमानीच्या खांद्यापासून वर गेलेला.

"मॅम, तुम्हाला फार शोधावं लागणार नाही," ते म्हणाले. "सात खण आम्ही व्यवस्थित केलेत. हा चौथा बघा. आमच्या अंगावर पडतोय."

चौथा खण उघडा दगडी होता. सांध्यांमधून पांढरी भुकटी निघत होती. खाली फरशीवर तिची रेघ. मी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि सांध्यात खुपसली. किल्ली बोटभर आत गेली.

"कोणाचा खण?"

"अ‍ॅग्नेसचा. नवरा गेल्यापासून एकटीच बघते. आम्ही किती वेळा म्हटलं, आम्ही करून देतो. ऐकत नाही. दर रविवारी माझ्या कोटावर पांढरं. बायको म्हणते, बेकरीतून आलास का?"

बाई त्या दिवशी डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी थांबले नाही. बाहेरून एक चक्कर मारली, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पाठवला. तडा आणखी तपासावा लागेल असं लिहिलं. आणि त्याखाली: "खण चार. सांधे निकामी. तातडीनं नव्यानं भरावेत."

धंद्याबाहेरच्यांना यात चूक दिसणार नाही. कशानं भरावेत, ते मी लिहिलं नाही. माझ्या कॉम्प्युटरवर ही वाक्यं तयार असतात, खणाचा नंबर बदलला की झालं. "चुन्यानं" हा शब्द वेगळा टाइप करावा लागतो. मी दमले होते. हे कारण मी कुठल्याही ठेकेदाराकडून ऐकून घेतलं नसतं.

नऊ दिवसांनी फादरांचा फोन.

"ताई, समितीनं मत घेतलं. तुमचा रिपोर्ट मोठ्यानं वाचला. अ‍ॅग्नेसबाईंकडून खण काढून घेतला."

"काढून घ्या असं मी कुठं लिहिलंय?"

"निकामी लिहिलंय ना. लिओनार्डची माणसं शनिवारी सांधे भरणार आहेत. बाई पन्नास वर्षांच्या बाकावरून उठल्या, शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. ताई, मला यातलं कळत नाही. पण त्या बाईचा चुना वाईट असता तर क्रुसाला कसा टिकला असता?"

"कुठल्या क्रुसाला?"

"रस्ता फुटतो तिथल्या. खणाचं काम झालं की उरलेला चुना त्या तिथंच लावतात. दरवर्षी. आमच्याकडे वसईला मे महिना आला की क्रुसाला चुना मारायचे, म्हणून मी बघायला गेलो होतो. आता आमच्याकडे ऑइल पेंट मारतात ते सोडा."

ज्या हातानं भरलेल्या सांध्यांचे मी डबा खाताना फोटो काढले, त्याच हाताचं काम मी तासाभरानं निकामी ठरवलं होतं. क्रुसावरची धूळ पाऊस धुऊन नेतो. आत पाऊस नसतो, म्हणून ती फरशीवर दिसते. शिकाऊ पोराला मी पहिल्या आठवड्यात शिकवते ते हे.

"शनिवारी किती वाजता?" मी विचारलं.

"सकाळी आठ."

मी साडेसहाला निघाले. वाटेत एका ट्रकनं हायवे अडवून धरला. पोचले तेव्हा ग्राइंडरचा आवाज पार्किंगपर्यंत येत होता. आत धुरळा. दोन धष्टपुष्ट इसम गुडघ्यांवर बसून जुना चुना कापत होते, आणि चुन्याबरोबर दगडाच्या कडाही. शेजारी बादलीत सिमेंट कालवलेलं. दगडांच्या खालच्या तीन थरांचे सांधे भरूनसुद्धा झाले होते, बोटांनी गुळगुळीत केलेले, अभिमानानं.

"बंद करा ते!"

लिओनार्ड पुढे आले. कानातले बोळे काढत म्हणाले, "मॅम?"

"थांबवा. चूक आहे हे."

"मॅम, सही तुमची आहे." त्यांनी खिशातून घडी केलेला रिपोर्ट काढला. "तातडीनं. आम्ही तातडीनं करतोय."

"मी अर्धवट लिहिलं."

"म्हणजे इंजिनिअर अर्धवट लिहिणार आणि आम्ही पूर्ण वाचायचं?"

मी ओल मोजायचं यंत्र काढलं. भिंतीला टेकवलं की ते ओलीप्रमाणे आवाज करतं. चौथ्या खणाच्या वरच्या दगडांना लावलं: गप्प. सांध्याला लावलं: हळू टिकटिक. मग तिसऱ्या खणाला लावलं, लिओनार्डच्या, क्रीम रंगाच्या, गुळगुळीत. यंत्र किंचाळायला लागलं. दुसऱ्याला, तेच. समोरच्या भिंतीला, तेच. ग्राइंडरवाले उठून जवळ आले. मी लिओनार्डना विचारलं, "हा रंग थोडा काढू?" ते हो म्हणायच्या आत काढला. रंगाबरोबर तळहाताएवढा दगड हातात आला आणि बोटांत पिठासारखा चुरला.

"माझ्या आजोबांनी लावलेला दगड," ते म्हणाले.

"आणि तुम्ही कोंडलेला. सात खणांतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही म्हणून शेजारच्या खणांचंही पाणी या एका खणातून बाहेर येतंय. म्हणून हा एवढा झिजतो. तुमचं धुणं ही बाई धुतेय आणि तुम्ही तिला म्हणता, तुझ्या दोरीवरून पाणी गळतं."

"आणि तडा?"

"बाहेर चला."

बाहेर तिसऱ्या-चौथ्या खणाच्या पायाशी एक रुंद काँक्रीटची पायवाट होती. लिओनार्डच्या वडिलांच्या स्मरणार्थ, पाटीसकट. तिच्यासाठी छपराच्या पाण्याचा पाइप तोडून आखूड केलेला. हे मी पहिल्या दिवशी चक्कर मारली तेव्हाही तिथंच होतं, आणि मी त्यावरून चालत गेले होते. फादरांना शिडीवर चढवून पन्हळीत होस सोडायला सांगितलं. त्या मोठ्या बुटांनी ते चढले ते बघायला नको होतं. पाणी पाइपातून उतरलं, काँक्रीटखाली शिरलं आणि नाहीसं झालं. आम्ही सगळे उभे. दहा मिनिटं पाणी जात होतं, पलीकडे एक थेंब निघाला नाही.

"कुठं गेलं?" ग्राइंडरवाल्यांपैकी एकानं विचारलं.

"पायाखाली. तुमची माती काळी. आमच्या गावाकडे असते तशीच. पाणी प्यायली की फुगते, उन्हानं आटते. ती भिंतीला वर्षातून दोनदा उचलते आणि खाली ठेवते. तडा जाणार नाहीतर काय होणार?"

लिओनार्डनी टोपी घातली, काढली, परत घातली. "डॅडींना आवडलं असतं ते वॉक वे," एवढंच म्हणाले. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

परत आत आलो तेव्हा चौथ्या खणापुढे एक बारकी बाई उभी होती. अठ्ठ्याहत्तर वय, पुरुषी शर्ट, नखांत पांढरं. कुणी सांगायची गरज नव्हती. त्या वाकून खालच्या तीन थरांकडे बघत होत्या. दगडांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. गेलेल्या कडा परत येत नाहीत. त्याला माझ्या शास्त्रात इलाज नाही.

"तू ती इंजिनिअर?"

"हो. माझी चूक झाली."

"ते कळलं. माझ्या भिंतीला हात लावून बघितलास का तू? सकाळी हात लावला की कळतं, ती रात्रभर काय करत होती."

"किल्ली लावून बघितली," मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"किल्ली." त्यांनी लिओनार्डकडे पाहिलं, फादरांकडे पाहिलं. "मिस इंजिनिअरनी किल्ली लावली. गाडी सुरू झाली का?"

ग्राइंडरवाला हसला.

त्याच दुपारी बाकावर बसून मी दुसरा रिपोर्ट लिहिला, हातानं, तयार वाक्यं न वापरता. इमारत सुरक्षित आहे, पायवाट फोडावी, पाइप लांब करावा, सातही खणांचं सिमेंट आणि रंग हळूहळू काढावा, सगळे सांधे चुन्यानं भरावेत. आणि पहिल्या रिपोर्टमधली खण चारची ओळ चुकीची होती, चूक माझी, असं पूर्ण नावानिशी. माझ्या बॉसनी ते वाचल्यावर विचारलं, "एवढं लिहायची गरज होती?" मी म्हटलं, पहिल्या वेळी एवढं लिहिलं असतं तर नसती.

कुलूप लागलं नाही. पण खणाचं काय? समिती पुन्हा बसली. मी खुलासा द्यायला गेले होते. लिओनार्डनी स्वतः ठराव मांडला की खण अ‍ॅग्नेसला परत द्यावा. माणूस सरळ आहे, एवढं कबूल करते. हात वर झाले. अ‍ॅग्नेसबाई शेवटच्या रांगेतून म्हणाल्या, "मला पूर्ण नको."

"अ‍ॅग्नेस, असं काय करतेस?" लिओनार्ड वैतागले.

"खालचे तीन थर नकोत. माझ्यानं आता वाकवत नाही. आणि ते मी बिघडवलेले नाहीत. ज्यानं बिघडवले त्यानं राखावे. वहीत लिहा."

"कुणाच्या नावानं?" लिओनार्ड म्हणाले. "मी माझी माणसं पाठवतो..."

"तुझ्या माणसांनी वाचलं तसं केलं. लिहिलं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी या चर्चची नाही, धर्माचीही नाही, राहते शंभर मैलांवर. फादर सायमन खालमानेनं वहीत काहीतरी लिहीत होते. मी मराठीत म्हटलं, "फादर, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!"

"ताई," ते मराठीतच म्हणाले, "आडनावाचं स्पेलिंग सांगा."

तर टेक्सासच्या एका कॅथलिक चर्चच्या वहीत खण चार, थर एक ते तीन, यांच्यापुढे माझं कोकणस्थी आडनाव आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या दिवाळी अंक वाचत नाहीत.

पहिल्या शनिवारी मी गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेली आठ वर्षं मी लोकांना चुना कसा भरावा ते सांगत होते आणि स्वतः एक बोटभरही भरलेला नव्हता. छिन्नीनं सिमेंट काढायलाच चार शनिवार गेले, ग्राइंडरला मनाई. बाईंच्या शेडमागे खड्डा आहे, त्यात दोन वर्षं भिजत घातलेला चुना, लोण्यासारखा. त्या घडीच्या खुर्चीवर बसून देखरेख करत.

"ते ब्रेडला पीनट बटर नव्हे. आत दाब."

"दाबते आहे."

"कुरवाळते आहेस. दाब!"

मी भरलेला पहिला थर तीन दिवसांत तडकला, कारण दगड आधी भिजवले नव्हते. कुणी ठेकेदारानं हे केलं असतं तर मी त्याला काय बोलले असते ते मला शब्दशः ठाऊक आहे. बाईंनी तडकलेला सांधा नखानं उकरला आणि म्हणाल्या, "कॉलेजात पाणी नव्हतं का?" दुसऱ्यांदा बरा झाला. तिसऱ्यांदा त्या काहीच बोलल्या नाहीत, ते मी कौतुक समजले. उरलेला चुना घेऊन क्रुसावर गेलो. तिथंही त्यांनी मला फक्त मागची बाजू दिली, रस्त्यावरून दिसत नाही ती.

आमच्या गणपतीच्या ग्रुपमध्ये हे कळल्यावर एकीनं विचारलं, "किती छान! मेडिटेटिव्ह वाटत असेल ना?" नाही वाटत. गुडघे दुखतात, बोटांना भेगा पडतात आणि शनिवार जातो. कुरतडलेल्या कडांमुळे माझे सांधे शेजारच्यांपेक्षा रुंद आहेत. ते तसेच दिसणार, मी मेल्यावरही. वरच्या थरांतले बाईंचे सांधे बारीक, सरळ. कुणीही आत शिरलं की फरक दिसतो. टूरिस्टांना दिसत नाही, ते छत बघतात.

इतर सात खणांचं काम रखडत चाललं आहे. दोन कुटुंबांनी रंग काढला. टाइल्सवाले म्हणतात, नातवाचं लग्न होऊ दे. लिओनार्डनी मात्र वडिलांची पायवाट स्वतः फोडली. पाटी काढून ट्रॅक्टरच्या दुकानात लावली आहे.

यंदा ऑगस्टमध्ये शनिवार जमला नाही म्हणून रविवारी गेले. प्रार्थना संपून लोक बाहेर पडत होते. लिओनार्ड दारात कोट झटकत उभे होते.

"मॅम," ते म्हणाले, "तुमची भिंत माझ्या कोटावर पडतेय."

मी आत धावले. चौथ्या खणाच्या तळाशी, माझ्या तीन थरांखाली, फरशीवर पांढरी रेघ होती. बारीक, पिठासारखी, सरळ. मी खाली बसले. किल्ली काढली नाही. तळहात दगडाला टेकवला. दगड कोरडा होता.

मागून अ‍ॅग्नेसबाई आल्या. त्यांनी रेघ पाहिली, माझा हात कुठं आहे ते पाहिलं, आणि खांबामागून त्यांचा झाडू काढून माझ्यासमोर धरला.

"तुझी धूळ आहे," त्या म्हणाल्या. "तू काढ."